सासष्टीतील एका प्रश्नाचे उत्तर

पवित्र आठवड्यात एकदा आमच्या शेजारच्या काकूंनी आम्हांला एक प्रश्न विचारला. काकू वारकरी घराण्यातल्या. आषाढी-कार्तिकीचा त्यांचा उपवास कधी चुकत नाही. नाताळात आमच्या घरचे ताट त्यांच्याकडे जाते, दिवाळीत त्यांच्या घरचे ताट आमच्याकडे येते आणि दोन्ही ताटे कधी रिकामी परत जात नाहीत. हा व्यवहार तीस वर्षे सुरळीत चालू आहे. त्या उत्तम शुक्रवारी आम्ही चर्चमधून परत येत होतो, तेव्हा काकू ओट्यावर तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांनी विचारले, “तुमच्या देवाला ज्या दिवशी मारलं, त्या दिवसाला तुम्ही चांगला दिवस कसं म्हणता हो?”

प्रश्नात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यावयाचे होते. आम्ही उत्तर दिले ते साधारण असे होते : मानवजातीच्या पापविमोचनार्थ प्रभूने स्वेच्छेने आत्मसमर्पण केले आणि त्यायोगे तारणकार्य सिद्धीस गेले. काकूंनी मान डोलावली, “बरं” म्हणाल्या आणि पुन्हा सुपाकडे वळल्या.

तीस वर्षांत त्यांनी आमच्या श्रद्धेविषयी विचारलेला हा पहिला प्रश्न होता. तो आम्ही वाया घालवला. आमच्या उत्तरातील एकही शब्द चुकीचा नव्हता, आणि एकही शब्द त्यांच्या ओट्यापर्यंत पोहोचला नाही. त्या रात्री आम्हांला फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण झाली. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या पुस्तकातून पाठ केल्या आहेत. एका परदेशी पाद्र्याने आपल्या भाषेची एवढी स्तुती केली याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण त्या स्तुतीपेक्षा मोलाची अशी एक गोष्ट त्यांनी आपल्या ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत सांगून ठेवली आहे, आणि तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. हा लेख त्या गोष्टीविषयी आहे.

‘ख्रिस्तपुराणा’च्या पहिल्याच अवस्वरात, म्हणजे अध्यायात, एक प्रसंग आहे. स्थळ गोव्यातील सासष्टी. (वसईच्या खाडीपलीकडील आपली साष्टी ती वेगळी. दोन्ही प्रदेश पोर्तुगिजांकडे होते व दोन्हींच्या नावांत साम्य आहे, म्हणून हा खुलासा.) रविवार आहे. पाद्री मुलांना धर्मशिक्षण देत आहेत आणि मोठी माणसेही ऐकत आहेत. तेव्हा नुकताच स्नानसंस्कार घेतलेला एक ब्राह्मण पुढे येतो आणि विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी पुराणे आम्हांला का देत नाही? हा प्रसंग जसा घडला तसाच कवीने मांडला, की ग्रंथाच्या आरंभासाठी योजला, याचा वाद घालण्यात अर्थ नाही. असा प्रश्न त्या काळच्या सासष्टीत घरोघरी असणार, हे मात्र इतिहास पाहिला म्हणजे सहज पटते.

बार्देश व सासष्टी हे प्रांत १५४३ मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय स्थापन झाले. १५६७ मध्ये सासष्टीतील देवळे मोठ्या संख्येने पाडण्यात आली. जुने ग्रंथ जप्त झाले आणि पुराणांचे वाचन बंद पडले. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रामायण-महाभारतातील कथांची त्या शतकातील रोमन लिपीतली हस्तलिखिते आजही आहेत. मिशनऱ्यांनी येथील भाषा शिकण्यासाठी ती उतरवून घेतली, असे अभ्यासक मानतात. म्हणजे जे ऐकण्याची गावकऱ्यांना बंदी, त्यातूनच पाद्री गावकऱ्यांची भाषा शिकत होते! आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेचा इतिहास सांगताना हे पान चिकटवून टाकण्याचा मोह आपल्याला होतो. आम्हांला तसे करावेसे वाटत नाही, कारण त्या ब्राह्मणाचा प्रश्न याच पानातून उठला आहे. ज्याच्या घरातून सायंकाळची कथा नाहीशी झाली, तो दुसरी कथा मागत होता.

हा प्रश्न ज्यांच्यापुढे आला, त्यांना बंदी म्हणजे काय हे लहानपणापासून ठाऊक होते. थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात, बुश्टन या गावी, १५४९ च्या सुमारास झाला. पहिली एलिझाबेथ राणी गादीवर आली तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे असतील. त्यानंतर मिस्सा करणे बेकायदा ठरले आणि कॅथलिक पुस्तके बाळगणे धोक्याचे झाले. तरुण स्टीफन्स थॉमस पाउंड नावाच्या एका सधन कॅथलिक गृहस्थाबरोबर त्याचा नोकर असल्याचे सोंग घेऊन फिरत असत. पाउंड पकडला गेला आणि त्याच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स निसटले, रोमला पोहोचले आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बनहून प्रयाण केले आणि २४ ऑक्टोबर रोजी ते गोव्यास उतरले. त्यानंतर १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, चाळीस वर्षे, त्यांनी येथेच काम केले. ज्या देशात आपल्या श्रद्धेची पुस्तके लपवावी लागतात तेथून निघालेला माणूस, जेथे दुसऱ्यांच्या श्रद्धेची पुस्तके लपवावी लागतात अशा देशात, आणि तेही राज्यकर्त्यांच्या बाजूने, येऊन पोहोचला. याविषयी त्यांच्या मनात काय येत असेल? तसे त्यांनी कोठे लिहिलेले आमच्या वाचनात नाही. पण ब्राह्मणाचा तो प्रश्न ग्रंथाच्या अगदी दारात उभा करावा, त्याला उद्धट न ठरवता त्याचे म्हणणे रास्त मानावे आणि उत्तरादाखल अख्खे पुराण रचावे, यात काही सुचवलेले आहे असे आम्हांला वाटते.

स्टीफन्स सासष्टीत आले त्यानंतर थोड्याच काळात, जुलै १५८३ मध्ये, कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ आक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सहकारी आणि त्यांच्याबरोबरचे काही ख्रिस्ती मारले गेले. अकबर बादशहाच्या दरबारात गेलेल्या पहिल्या येशूसंघीय पथकाचे प्रमुख ते हेच आक्वाविवा. कुंकळ्ळीकरांचा राग उगीच नव्हता. त्यांची देवळे गेली होती, आणि आपल्या गावात चर्च व क्रूस उभा राहणार हे त्यांना दिसत होते. त्या हत्याकांडानंतर पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुख गावकऱ्यांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळणे येथील किल्ल्यावर बोलावून ठार केले. आपण पाच धन्य हुतात्म्यांचा सण साजरा करतो. त्या गावकऱ्यांची आठवण कुंकळ्ळीच्या लोकांनी जपली आहे. दोन्ही आठवणी एकाच मातीतल्या आहेत. हुतात्म्यांची शवे मिळवून त्यांना ख्रिस्ती रीतीने मूठमाती देण्याच्या कामी फादर स्टीफन्स होते.

त्यानंतर तीन महिन्यांनी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, त्यांनी आपला भाऊ रिचर्ड यास एक पत्र लिहिले. त्यात त्यांनी येथील भाषांविषयी लिहिले आहे. या भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार कानाला अप्रिय नाहीत, त्यांची घडण लॅटिन व ग्रीक भाषांसारखी आहे आणि त्यांतील वाक्प्रचार अद्भुत आहेत, असा त्याचा आशय आहे. भारतातील भाषा व युरोपातील अभिजात भाषा यांच्यातील साम्य टिपणाऱ्या अगदी आरंभीच्या नोंदींत ही नोंद गणली जाते. भाषाशास्त्रज्ञांना तिचे कौतुक आहेच. आम्हांला कौतुक आहे ते तिच्या वेळेचे. आपल्या पाच बांधवांना नुकतेच पुरून आलेला हा माणूस, ज्यांनी त्यांना मारले त्यांच्या तोंडची भाषा किती सुंदर आहे, हे भावाला कळवीत आहे.

भाषा शिकायला त्यांनी घाई केली नाही. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १६१६ मध्ये, म्हणजे ते गोव्यात उतरले त्यास सदतीस वर्षे होत आली होती तेव्हा. तोवर त्यांनी कोकणीचे व्याकरण लिहिले आणि कोकणीत प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचे पुस्तक तयार केले. ही दोन्ही पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर राचोल येथे छापली गेली. धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ मध्ये निघाले आणि व्याकरण, इतरांनी भर घातल्यावर, १६४० मध्ये. येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. लहान मुलाला प्रार्थना व आज्ञा शिकवावयाच्या, तर त्याच्या चुलीपुढची बोली हवी, म्हणून ते पुस्तक कोकणीत झाले. पण कथा सांगावयाची, चार माणसे जमवून मोठ्याने वाचावयाची, तर त्यासाठी गोव्यातील लोकांना शतकानुशतके मराठी सवयीची होती. पुराण म्हटले की मराठी आणि ओवी, ही त्यांच्या कानांची घडण होती. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करणारे एकनाथ महाराज हे स्टीफन्स यांचे समकालीन. स्त्रियांच्या जात्यावर आणि पुराणिकाच्या पाटावर त्या काळी ओवीच होती. स्टीफन्स यांनी तीच घेतली. १०,९६२ ओव्या. पहिल्या पुराणाचे छत्तीस अवस्वर जुन्या कराराचे, दुसऱ्याचे एकोणसाठ प्रभूच्या जीवनाचे. मधूनमधून श्रोते शंका काढतात आणि पाद्री त्यांचे निरसन करतात. एकतर्फी प्रवचन होऊ नये याची काळजी ग्रंथाच्या बांधणीतच घेतलेली आहे.

आता ती प्रस्तावनेतील गोष्ट. फादर स्टीफन्स तेथे आपल्या भाषेचा हिशेब वाचकांपुढे ठेवतात. देवाच्या गोष्टी सांगावयास या देशातील भाषांत मराठी त्यांना योग्य वाटली, म्हणून ग्रंथ मराठीत लिहिला. पण शुद्ध मराठी मधल्या थरातील लोकांना कळत नाही, हे त्यांनी पाहिले. ग्रंथाचा लाभ पुष्कळांना व्हावा म्हणून त्यांनी मागील कवींचे बहुतेक कठीण शब्द टाकून दिले, अलीकडच्या कवींची रीत धरली आणि ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या भाषेतील, म्हणजे गोव्याच्या कोकणीतील, सोपे शब्द मिसळून कविता सोपी केली. एवढेच ते सांगतात, आणि तेही कसलाही आव न आणता.

या साध्या निवेदनामागे काय आहे याचा थोडा विचार करावा. हा माणूस परका होता. परक्याने भाषा शिकली की त्याला आपली विद्वत्ता दाखवण्याचा मोह होतो. अवघड शब्द अचूक वापरला की लोक वाहवा करतात, सोपा वापरला तर ‘याला एवढेच येते’ असे म्हणतात. स्टीफन्स यांना अवघड शब्द येत होते. ते न येते तर टाकून देण्याचा प्रश्नच उद्भवला नसता. शिवाय मराठीत कोकणी मिसळणे म्हणजे पंडितांच्या दृष्टीने भाषा विटाळणेच. ज्या ब्राह्मणाने पुराण मागितले, त्याच्या कानाला ही मिसळ कदाचित खटकलीही असेल. तरीही त्यांनी ती केली, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे तो एकटा ब्राह्मण नव्हता. त्याच्या मागे उभी असलेली, न विचारणारी माणसे होती.

आमच्या मनात तुलना येते ती आपल्याच धर्मशिक्षणाच्या पुस्तकांची. आपल्या मुलांना आपण ‘त्रैक्य’, ‘देहधारण’, ‘पापांगीकार’, ‘दृढीकरण’ असे शब्द पाठ करावयास लावतो. या शब्दांना त्यांची जागा आहे, त्यांच्याशिवाय शिकवणुकीची नेमकी मांडणी करता येत नाही, हे आम्हांला मान्य आहे. पण मुलगा मोठा होतो, कंपनीत नोकरीला लागतो आणि शेजारच्या टेबलावरचा सहकारी त्याला एक दिवस विचारतो, “तुमच्यात ते पांढरं गोल काय देतात रे?” त्या वेळी मुलाच्या तोंडून एक तर पाठ केलेले वाक्य निघते, नाही तर तो हसून विषय बदलतो. श्रद्धा नसते असे नाही. तिच्यासाठी रोजच्या वापराचा शब्द त्याला कोणी दिलेला नसतो. आम्ही काकूंपुढे जे केले ते याहून वेगळे नव्हते.

सोपे शब्द निवडणे हे सोपे काम मात्र नव्हे. येथे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अनुभवाची आठवण होते. १५४९ मध्ये ते जपानमध्ये पोहोचले तेव्हा परमेश्वरासाठी कोणता शब्द वापरावा हे त्यांनी आपला जपानी सोबती आंजिरो यास विचारले. त्याने ‘दाइनिची’ हा शब्द सुचवला. पुढे १५५१ मध्ये यामागुची येथे बौद्ध भिक्षूंशी चर्चा करताना झेवियर यांना उमगले, की हे त्यांच्या एका पंथातील महाबुद्धाचे नाव आहे आणि आपण इतके दिवस त्याचीच उपासना करा असे सांगत आहोत. त्यांनी तो शब्द तत्काळ सोडला व लॅटिन ‘देउस’ हा शब्द घेतला. त्यातही गंमत अशी, की तो शब्द जपानी कानाला ‘मोठे खोटे’ अशा अर्थाच्या शब्दाजवळचा वाटे आणि विरोधक त्यावरून थट्टा करीत. लोकांचा शब्द घ्यावा तर अर्थ निसटतो, आपला शब्द द्यावा तर माणसे निसटतात. (याच जपानमध्ये पुढे आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनी दुभाष्याचे काम केले. लहानपणापासून तेथे राहिल्याने त्यांना जपानी बोलीच अवगत होती, आणि म्हणूनच हिदेयोशीच्या भेटीस जाणाऱ्या फ्रान्सिस्कन संघीयांना त्यांची गरज पडली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ते क्रुसावर हुतात्मा झाले. त्यांची पहिली सेवा भाषेची होती, हे आपण सणाच्या दिवशी क्वचितच सांगतो.)

फादर स्टीफन्स यांनी या दोन धोक्यांमधून कसा मार्ग काढला हे पुराण चाळताना दिसते. परमेश्वर, देव, पाप, पुण्य, मुक्ती हे शब्द त्यांनी येथलेच घेतले. स्वर्गासाठी ते बिनदिक्कत ‘वैकुंठ’ हा शब्द वापरतात, जो आजही आपल्या एखाद्या प्रार्थनेत आला तर धर्मग्रामात चर्चा होईल. उलट ‘पवित्र आत्मा’ यासाठी आणि विधींच्या काही नावांसाठी त्यांनी लॅटिन-पोर्तुगीज शब्दच ठेवले. ज्या वस्तूची कल्पना श्रोत्याजवळ आधीच आहे, तेथे त्याचा शब्द. जी वस्तूच नवी आहे, तेथे नवा शब्द आणि मग त्याची कथा. हा नियम त्यांनी कोठे लिहून ठेवलेला नाही. आम्ही तो त्यांच्या वापरावरून काढला आहे, आणि अभ्यासकांनी त्यात दुरुस्ती केली तर आमची हरकत नाही. जवळजवळ त्याच काळात मदुराईत रॉबर्ट दी नोबिली यांनी १६०६ पासून संन्याशाचा वेष, शाकाहार आणि तमिळ-संस्कृत ग्रंथांचा अभ्यास या मार्गाने उच्चवर्णीयांपुढे श्रद्धा मांडली. त्यावरून मोठा वाद झाला व १६२३ मध्ये पोपमहोदयांनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला. नोबिलींची कीर्ती मोठी आहे. पण ते पंडितांकडे चढून गेले आणि स्टीफन्स मधल्या माणसाकडे उतरून आले. आमचा कल कोणाकडे आहे हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच.

एका बाबतीत मात्र स्टीफन्स यांना हार पत्करावी लागली. ही भाषा येथल्याच लिपीत छापावी अशी त्यांची इच्छा होती. मलबार किनाऱ्यावर फादर हेन्रीक हेन्रीकिश यांचे तमिळ पुस्तक १५७८ मध्ये तमिळ अक्षरांत छापले गेले होते. गोव्यात तर छापखाना १५५६ पासून होता. ५ डिसेंबर १६०८ रोजी त्यांनी रोमला संघप्रमुख क्लॉडिओ आक्वाविवा यांना पत्र लिहिले. हे क्लॉडिओ म्हणजे कुंकळ्ळीस मारल्या गेलेल्या रुडॉल्फ यांचे चुलते. ज्यांच्या पुतण्याला स्टीफन्स यांनी पुरले होते, त्यांच्याकडेच ते आता त्या मातीतील अक्षरे मागत होते. पत्रात ते म्हणतात, की या प्रांतात येथील भाषेत व येथील लिपीत पुस्तके छापलेली पाहावीत ही आपली अनेक वर्षांची इच्छा आहे. अडचण साच्यांची. युरोपात चोवीस अक्षरांवर काम भागते, येथे जोडाक्षरे धरून सहाशेंच्या घरात साचे लागतात. पण ती संख्या दोनशेंपर्यंत आणता येईल, असा मार्गही त्यांनी सुचवला. धर्मगुरूने खिळ्यांची मोजदाद करीत बसावे, यातच त्यांची तळमळ दिसते. नागरी खिळे काही मिळाले नाहीत. १६१६ मध्ये राचोल येथील ‘सर्व संत’ महाविद्यालयात, इन्क्विझिशनच्या परवान्यासह, ग्रंथ छापला गेला तो रोमन लिपीत. मराठी ओवी रोमन अक्षरांत कशी दिसत असेल याची कल्पना करून पाहावी. ज्यांना नागरी वाचता येत होते त्यांना ती वाचता येत नव्हती, आणि ज्यांना रोमन येत होती त्यांतल्या अनेकांना ती कळत नव्हती. तरीही १६४९ व १६५४ मध्ये तिच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. लोकांनी डोळ्यांपेक्षा कानांनी हा ग्रंथ अधिक वाचला असणार.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगितला तरी चालेल. स्टीफन्स यांच्या पावलांवर पाऊल टाकून फादर एत्येन द ला क्रुआ यांनी १६२९ मध्ये संत पेत्रावर पुराण लिहिले, आणि फादर मिगेल द आल्मेदा यांनी सतराव्या शतकाच्या मध्यास कोकणी गद्यात प्रवचने प्रसिद्ध केली. मग वारे फिरले. २७ जून १६८४ रोजी गोव्याचा व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. पाद्र्यांनी लोकांची भाषा शिकण्याऐवजी लोकांनी पाद्र्यांची भाषा शिकावी, असा हा उलटा न्याय होता. लोकांनी भाषा सोडली नाही. मात्र धर्मशिक्षणाच्या पुस्तकांची ती परंपरा आटली. ख्रिस्तपुराणाची एकही छापील प्रत पुढे उरली नाही. जगले ते हस्तलिखितांनी. गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या नकला बरोबर नेल्या, पिढ्यान्‌पिढ्या गायिल्या, आणि त्यांच्याच आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे हा ग्रंथ पुन्हा छापला. तोही रोमन लिपीतच. लंडन येथे मार्सडेन संग्रहात याची नागरी लिपीतील एक प्रत सापडली. छापील नागरी आवृत्ती पुण्यात १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी काढली. १६०८ ते १९५६ हा काळ तीनशे अठ्ठेचाळीस वर्षांचा भरतो. पुढे १९९६ मध्ये फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ती मुंबईहून आली, आणि २००९ मध्ये फादर नेल्सन फलकांव यांनी ग्रंथाचे आजच्या मराठीत रूपांतर केले. म्हणजे ज्या भाषेत स्टीफन्स यांनी सोपे केले, तीही आता सोपी करून द्यावी लागली.

तोवर आपल्या चर्चमध्ये काय चालले होते? आमच्या आजीला लॅटिन मिस्साचे सारे प्रतिसाद तोंडपाठ होते, आणि त्यांतील एकाचाही अर्थ तिला ठाऊक नव्हता. हे आम्ही तिची थट्टा म्हणून लिहीत नाही. तिची भक्ती आमच्यापेक्षा खोल होती. पण तिला शेजारणीने काही विचारले असते तर ती काय सांगू शकली असती? ती रोझरी हातात धरून गप्प बसली असती. प्रॉटेस्टंट बंधुभगिनी या बाबतीत आपल्या पुढे होत्या, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. नारायण वामन टिळकांनी अभंग व कीर्तन जवळ केले. पंडिता रमाबाईंनी केडगावला बायबलचे भाषांतर केले ते खेड्यातील अल्पशिक्षित बायकांना समजावे म्हणून. ते पूर्ण छापून निघाले तेव्हा, १९२४ मध्ये, रमाबाई हयात नव्हत्या. आपल्याकडे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाव दिला आणि मग मराठी मिस्सा आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये सिद्ध केले. नावातच त्यांनी ‘सुबोध’ हा शब्द घातला. हे आमचे दिब्रिटो पुढे, जानेवारी २०२० मध्ये, उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांचे पुस्तक अख्रिस्ती वाचकांच्याही कपाटात आम्ही पाहिले आहे, आणि त्याचे कारण त्याच्या आशयाइतकेच त्याच्या भाषेतही आहे.

पण पुस्तके झाली म्हणजे ओट्यावरचे काम झाले असे होत नाही. ते काम आपले, प्रापंचिकांचे. धर्मगुरू काकूंच्या ओट्यावर तांदूळ निवडायला बसू शकत नाहीत. आम्ही बसू शकतो.

त्या पास्काच्या सोमवारी आम्ही ताट पोहोचवण्याच्या निमित्ताने काकूंकडे गेलो आणि त्यांच्या प्रश्नाचा विषय आपण होऊन काढला. म्हटले, त्या दिवशी तुम्हांला नीट सांगता आले नाही. मग सांगितले, की एका माणसाने कोणाचे काही वाईट केले नव्हते. तो आजाऱ्यांना बरे करी, ज्यांच्या पंक्तीला कोणी बसत नसे त्यांच्या घरी जेवायला जाई. मोठ्या लोकांना ते सोसले नाही. त्यांनी त्याला पकडले, त्याचा एक मित्र फितूर झाला, दुसऱ्याने ओळख नाकारली, बाकीचे पळाले. त्याने मनात आणले असते तर तो सुटला असता. तो सुटला नाही. मारणाऱ्यांना क्षमा कर, असे देवाला सांगत तो मेला. आम्ही मानतो की तो देवच होता आणि आमच्यासाठी मेला, आणि तिसऱ्या दिवशी उठला. त्याने तेवढे प्रेम केले म्हणून तो दिवस आम्हांला चांगला वाटतो. आमचे शब्द अडखळत होते. ‘तारण’ हा शब्द दोनदा जिभेवर आला आणि दोनदा गिळला.

काकू ऐकत होत्या. या वेळी त्यांनी मान डोलावली नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, “त्याची आई होती का तिथं?”

होती, आम्ही सांगितले. क्रुसापाशी उभी होती.

“मग तिला घरी कोणी नेलं?”

हा प्रश्न आमच्या मनात आजवर आला नव्हता. उत्तर योहानाच्या शुभवर्तमानात आहे. मरता मरता त्याने आपल्या लाडक्या शिष्याला सांगितले, ही तुझी आई, आणि त्या दिवसापासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेले. ते ऐकल्यावर काकू उठल्या, ताट आत नेले आणि त्यात गूळपोळ्या घालून घेऊन आल्या.